भुंगा दुसऱ्यांदा येतो तेव्हा

‘त्या पक्ष्याचा अर्थ काय?’ कथेवर किंवा नाटकावर चर्चा सुरू झाली की हा प्रश्न येतोच. पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, आरसा म्हणजे आत्मशोध, पाऊस म्हणजे विरह, असं एकदा ठरवून टाकलं की सगळ्यांना बरं वाटतं. परीक्षेत गुणही मिळतात. मला मात्र या प्रश्नाचा जरा रागच येतो. ज्या गोष्टींबद्दल तो विचारला जातो त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी प्रतीकं नसतातच, मोटिफ असतात. ‘अर्थ काय’ असं विचारून त्यांच्याकडून काही हाती लागत नाही. ‘मघाशी ही कुठे दिसली होती, आणि आता काय बदललंय’ असं विचारलं की त्या बोलायला लागतात.

प्रतीक आपला अर्थ बाहेरून घेऊन येतं. पांढरं कबूतर कुठल्याही कथेत उडवा, ते शांततेचं ओझं घेऊनच उडणार. मोटिफ रिकाम्या हाताने येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा ती नुसती वस्तू असते, किंवा एखादा आवाज, एखादी लकब, सहज बोललेलं वाक्य. दुसऱ्यांदा येतो तेव्हा पहिल्या वेळचं काहीतरी त्याला चिकटलेलं असतं. तिसऱ्या वेळेपर्यंत मधल्या काळात जे जे घडलं ते सगळं त्याच्यावर साचलेलं असतं. म्हणून एकदाच येणारी गोष्ट कितीही देखणी असली तरी ती प्रतिमाच राहते. मोटिफ व्हायला तिला परत यावं लागतं.

लोककथांचे अभ्यासक हाच शब्द वेगळ्या अंगाने वापरतात, आणि थोडा घोटाळा तिथेही होतो. स्टिथ थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासकाने १९३२ ते १९३६ या काळात लोककथांमधल्या मोटिफांची सहा खंडांची सूची प्रसिद्ध केली. त्याच्या लेखी मोटिफ म्हणजे परंपरेत टिकून राहण्याची ताकद असलेला कथेतला लहानात लहान घटक. नुसती आई हा मोटिफ नव्हे. दुष्ट आई मात्र मोटिफ, कारण तिच्यात काही वेगळं आहे आणि म्हणून ती लक्षात राहते. मराठीत लोकसाहित्याचे अभ्यासक याला कल्पनाबंध म्हणतात. विसर पाडणारा शाप, ओळख पटवणारी अंगठी, बोलणारा प्राणी हे सगळे कल्पनाबंध. ते या कथेतून त्या कथेत हिंडतात. मला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो मोटिफ एकाच कथेच्या चौकटीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हिंडतो. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायचे तर कालिदासाचं ‘शाकुंतल’ उघडावं.

‘शाकुंतल’ म्हटलं की अंगठी. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या पूर्ण नावातच ती ओळखीची खूण आहे. दुर्वासाचा शाप, अंगठी हरवणं, कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडणं, राजाला सगळं आठवणं: कथानकाचा सगळा भार अंगठीवर आहे. ती काढली तर नाटक कोसळेल. ती नेमकी कल्पनाबंधाच्या जातीची, शाप आणि खूण यांच्या जुन्या कुळातली. पण पुन्हा पुन्हा वाचताना माझं लक्ष अंगठीवरून उडतं आणि एका भुंग्यावर जाऊन बसतं.

पहिल्या अंकात शकुंतला झाडांना पाणी घालत असते. नवमालिकेवरून एक भुंगा उठतो आणि तिच्या चेहऱ्याभोवती घोंघावू लागतो. झाडाआड लपलेला दुष्यंत हे पाहतो आणि त्याला भुंग्याचा चक्क हेवा वाटतो. आपण हिच्या कुळाची चौकशी करत बसलो आणि हा मात्र सरळ जाऊन भिडला, असा त्याचा सूर आहे. शकुंतला मैत्रिणींना हाका मारते. त्या हसत म्हणतात, आम्ही कोण वाचवणार, दुष्यंताला बोलाव, तपोवनाचं रक्षण करणं राजाचं काम. त्या थट्टेचा धागा पकडून राजा पुढे होतो आणि विचारतो, पौरव राज्य करत असताना भोळ्या आश्रमकन्यांना त्रास देणारा हा कोण?

भुंग्याला हाकलायला तो आला आहे. ज्याचा हेवा केला त्याच्यापासून वाचवायला. या क्षणी प्रेक्षक हसतो आणि प्रसंग पुढे जातो. भुंग्याने राजाला मंचावर यायचं निमित्त पुरवलं, त्याचं काम संपलं, असंच आपल्याला वाटतं.

पाचव्या अंकाच्या सुरुवातीला राजा दरबारी कामातून जरा मोकळा झाला आहे. शाप लागून गेला आहे, त्याला शकुंतला आठवत नाही. पडद्याआडून अंतःपुरातल्या हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं. नव्या मधासाठी हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं तसं चुंबन घेतलंस आणि आता कमळात राहायला मिळालं म्हणून त्याला विसरलास कसा, असा त्याचा आशय. राजाला वाटतं हा टोमणा अंतःपुरातल्या एका जुन्या प्रेमप्रकरणाबद्दल आहे. तो विदूषकाला तिची समजूत घालायला पाठवतो. गाणं खरं कुणाबद्दल आहे हे थिएटरात बसलेल्या सगळ्यांना कळलेलं असतं. कळत नाही फक्त ज्याच्यासाठी ते आहे त्याला.

मग राजा एक श्लोक म्हणतो. सुंदर काही पाहिलं, गोड काही ऐकलं की सुखात असलेला माणूसही एकाएकी बेचैन होतो, ते बहुधा मनाच्या तळाशी रुतून बसलेली मागल्या जन्मांची नाती त्याला नकळत आठवत असतात म्हणून, असा त्याचा अर्थ. काश्मीरच्या अभिनवगुप्त या काव्यशास्त्राच्या आचार्याने रसचर्चेत हा श्लोक घेतला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोटिफ प्रेक्षकाच्या मनात कसं काम करतो याचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं नाही. ‘अरे, भुंगा पुन्हा आला’ असं म्हणत आपण बोट दाखवत नाही. गाणं ऐकताना आत काहीतरी हलतं. पहिल्या अंकातलं ऊन, पाण्याचे घडे, त्या मुलींची थट्टा हे सगळं शब्दांत न येता जवळ येतं. कालिदासाने ही अवस्था राजाला दिली आणि तिचं कारण मात्र आपल्याकडे ठेवलं.

थोड्या वेळाने शकुंतला समोर उभी राहते. राजा तिला ओळखत नाही, तरी नजर हटवता येत नाही. तेव्हा तो स्वतःलाच भुंग्याची उपमा देतो. पहाटेच्या दवाने भरलेल्या कुंदाच्या फुलाभोवती घुटमळणारा भुंगा, ज्याला मध चाखता येत नाही आणि फूल सोडवतही नाही. हंसपदिकेने दिलेलं नाव तो स्वतःच स्वतःला लावतो, आणि त्याला त्याची जाणीव नाही.

सहाव्या अंकात अंगठी मिळालेली असते, स्मृती परतलेली असते, शकुंतला नसते. राजाने तिचं चित्र काढलं आहे. चित्रात तिच्या चेहऱ्याकडे झेपावणारा भुंगा आहे, तोच, पहिल्या अंकातला. विदूषक त्याच्याकडे बोट दाखवतो आणि राजा चित्रातल्या भुंग्याला दटावू लागतो. ऐकलं नाहीस तर कमळात कोंडून ठेवीन, अशी धमकीही देतो. विदूषक शेवटी सांगतो, महाराज, हे चित्र आहे. अदृश्य राहून सगळं बघणारी सानुमती ही अप्सरासुद्धा म्हणते की मलाही हे आत्ताच लक्षात आलं. आणि राजा हळहळतो: मी तिला प्रत्यक्ष पाहत होतो, तू आठवण करून दिलीस आणि माझ्या प्रियेचं पुन्हा चित्र करून टाकलंस.

पहिल्या अंकात खरा भुंगा हाकलायला आलेला माणूस इथे रंगवलेल्या भुंग्यावर डाफरतो आहे. हास्यास्पद आहे, आणि काळीज पिळवटणारंही आहे. ‘भुंगा म्हणजे चंचल पुरुष’ हे उत्तर चुकीचं नाही. संस्कृत काव्यात भुंगा तसा सर्रास येतो, कालिदासाला ते आयतंच मिळालं होतं. पण ते उत्तर दिलं की आपण पहिल्या अंकातच थांबतो. सहाव्या अंकातल्या भुंग्यात चंचलपणा कुठे आहे? तो तर चित्रात जागच्या जागी खिळला आहे. चंचल होता तो माणूसही आता जागचा हलत नाही.

अंगठी राजाला आठवण करून देते आणि भुंगा आपल्याला, असं मला दिसतं. मोटिफची मुख्य नोकरी हीच आहे. पात्रं विसरतात, विसरण्यावरच पुष्कळ कथा चालतात. कुणीतरी लक्षात ठेवायला हवं म्हणून लेखक ते काम वाचकाकडे सोपवतो, आणि त्यासाठी हातात एक छोटीशी वस्तू देऊन ठेवतो.

रशियन नाटककार चेखवच्या ‘सीगल’मध्ये हे अगदी उघडं आहे. १८९६ सालचं नाटक. दुसऱ्या अंकात त्रेपलेव हा तरुण लेखक मारलेला सीगल, म्हणजे एक पाणपक्षी, आणून त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या नीनाच्या पायाशी ठेवतो. तिला त्याचा अर्थ लागत नाही, तसं ती म्हणतेही. मग प्रसिद्ध लेखक त्रिगोरिन येतो, पक्षी बघतो आणि वहीत एका कथेचं बीज टिपून ठेवतो: तळ्याकाठी राहणारी मुलगी, सहज आलेला एक माणूस, करायला काही नाही म्हणून तो तिचा नाश करतो, या पक्ष्यासारखाच. पुढे हे नीनाच्या बाबतीत जवळजवळ असंच घडतं, आणि घडवणारा त्रिगोरिनच असतो. चौथ्या अंकात इस्टेटीचा कारभारी शामरायेव कपाटातून भुसा भरलेला सीगल काढून त्याच्यापुढे धरतो, तुम्हीच करून ठेवायला सांगितला होता म्हणतो. त्रिगोरिन पक्ष्याकडे बघतो. आठवत नाही, म्हणतो. जरा विचार करून पुन्हा तेच म्हणतो.

त्याने नीनाबद्दल पश्चात्तापाचं लांबलचक भाषण केलं असतं तर मी त्याला कदाचित माफ केलं असतं. ‘आठवत नाही’ला माफी नाही.

चेखवचं नाव निघालं की बंदूक निघतेच. मंचावर भरलेली बंदूक ठेवायची नाही, कुणाला ती झाडायची नसेल तर. १८८९ सालच्या एका पत्रात त्याने हे लिहिलं. लेखनाच्या शिबिरांत हे वाक्य इतकं घासलं गेलंय की लोक मोटिफलाही बंदूकच समजतात. पहिल्या अंकात दाखवा, तिसऱ्यात वापरा. पण बंदूक एकदा झाडली की संपली. तिचं देणं फिटलं. मोटिफचं देणं फिटत नाही, तो दर खेपेला आणखी जड होतो. बंदूक ही तयारी झाली. कथेच्या बांधणीत तिला मानाची जागा आहे, पण ती जागा वेगळी.

गद्यातला मोटिफ मला जास्त लबाड वाटतो. नाटकात वस्तू डोळ्यांसमोर असते, कुणीतरी ती हातात धरतं. कादंबरीत ती वाक्याच्या आड लपून बसू शकते. १८५७ साली पुस्तकरूपाने आलेली फ्रेंच लेखक फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ घ्या. लग्न होऊन एमा नवऱ्याच्या घरी येते, खोल्या बघत हिंडते, आणि तिला तिथे संत्र्याच्या फुलांचा एक गुच्छ दिसतो, पांढऱ्या रेशमी फितीने बांधलेला. शार्लच्या पहिल्या, वारलेल्या बायकोचा लग्नातला गुच्छ. शार्ल ओशाळून तो माळ्यावर नेऊन ठेवतो. एमाच्या मनात येतं, आपण मेलो तर आपल्या गुच्छाचं काय होईल?

त्याच भागाच्या शेवटी, ते घर सोडायची तयारी चालू असताना, खण आवरताना तिच्या बोटाला काहीतरी टोचतं. तिच्याच लग्नातल्या गुच्छाची तार. फुलं धुळीने पिवळी पडली आहेत, फीत विस्कटली आहे. ती गुच्छ आगीत टाकते आणि जळताना बघत बसते. कागदी पाकळ्या काळ्या फुलपाखरांसारख्या तरंगत धुराड्यातून निघून जातात. पुढच्याच वाक्यात कळतं की गाव सोडताना तिला दिवस गेले होते.

इथवर ठीक. गुच्छ दोनदा आला, प्रश्नाला उत्तर मिळालं: मरायची वाट बघावी लागली नाही, तिनेच तो जाळला. पण फ्लोबेर तिथे थांबत नाही. खूप पुढे, तिसऱ्या भागात, एमा तिच्या मागे लागलेल्या लेआँ या तरुणाला नकाराचं पत्र लिहून आणते. मग दोघं घोडागाडीत बसतात, पडदे ओढलेली गाडी गावभर वणवण फिरत राहते, आत काय चाललंय ते लेखक सांगत नाही. मध्येच पडद्याखालून एक उघडा हात बाहेर येतो आणि कागदाचे कपटे भिरकावतो. ते वाऱ्यावर पसरतात आणि दूर लाल फुललेल्या शेतावर पांढऱ्या फुलपाखरांसारखे उतरतात.

काळी फुलपाखरं, पांढरी फुलपाखरं. आधी जळलेलं लग्न, मग फाडलेला नकार. दोन्ही कागद, दोन्ही उडालेले. पहिल्या वाचनात हे दिसलं असं म्हणणाऱ्याचा मला संशय येईल. कादंबरीत मधे एवढी पानं आहेत की दुव्याचं दुसरं टोक हाती येईपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. पुस्तकाला मात्र एक सोय आहे, मागची पानं उलटता येतात. फ्लोबेरसारखा लेखक त्या सोयीवर विसंबून लिहितो. काही गोष्टी तो पहिल्या वाचकासाठी लिहीतच नाही, परत येणाऱ्या वाचकासाठी लिहितो.

नाटकाला ही सोय नाही. तिथे गेलेला क्षण गेला. म्हणून नाटकातला मोटिफ शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे आणि तरी ‘बघा, मी महत्त्वाचा आहे’ असं ओरडता कामा नये. हे फार अवघड आहे. यावर उत्तम नाटककारांचा तोडगा एकच असतो: पहिल्या वेळी त्या वस्तूला स्वतःचं काहीतरी साधं, व्यावहारिक काम द्यायचं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या, सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं. सामंत त्या कडीची खोड समजावून सांगतो, नीट सरकवली नाही तर दार अडकतं. दोन अनोळखी माणसांमधलं बोलणं सुरू व्हायला हे अगदी पुरेसं आणि नैसर्गिक निमित्त आहे. आपण तिच्या बोटाकडे बघतो, कडीकडे नाही. मग खेळ म्हणून अभिरूप न्यायालय मांडलं जातं, खेळ हळूहळू खेळ राहत नाही, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघून जायला दाराशी जाते. दार उघडत नाही.

तिथे कुणी ‘समाजाने स्त्रीची कोंडी केली’ असं म्हणायची गरज उरत नाही. कडी आधीच सांगून ठेवलेली आहे. याच नाटकातला सामंताचा हिरवा कापडी पोपटही असाच. पुतण्यासाठी घेतलेलं खेळणं म्हणून तो येतो, अंकभर कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि शेवटी कुठे पोचतो ते नाटक पाहिलेल्यांना सांगायला नको. न पाहिलेल्यांना मी सांगणार नाही.

बोरिस तोमाशेव्स्की या रशियन समीक्षकाने १९२५ साली मोटिफांची एक विभागणी केली होती. काही मोटिफ बद्ध, म्हणजे काढले तर घटनांची साखळी तुटते. काही मुक्त, काढले तरी गोष्ट चालते. विभागणी कामाची आहे, फक्त ती वाचताना मला वाटत राहतं की चांगल्या नाटकात गंमत या दोहोंच्या मधल्या प्रवासात असते. पहिल्या अंकातली कडी मुक्त आहे. संहिता कापायला बसलेला घाईतला दिग्दर्शक ते बोट चेपण्याचं प्रकरण सहज उडवेल. दुसऱ्या अंकात तीच कडी बद्ध झालेली असते.

आणि उडवणारे असतात तसेच अति करणारेही असतात. वस्तू दुसऱ्यांदा आली की तिच्यावर प्रकाशझोत, मागे सतारीची तान, नटाने क्षणभर तिच्याकडे रोखून बघणं. झालं, मेला मोटिफ. प्रेक्षकाच्या आत नकळत हलायचं होतं ते आता त्याला समजावून सांगितलं गेलं. संगीतात हा वाद जुना आहे. जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेराचक्राचा पहिला संपूर्ण प्रयोग १८७६ साली बायरॉइटला झाला, आणि त्याच साली हान्स फोन वोल्त्सोगेनने त्यातल्या सुरावटींची मार्गदर्शिका छापली, कुठली सुरावट कुणाची ते ओळखायला. पुढे फ्रेंच संगीतकार देबुसीने यावर टवाळी केली की ही पात्रं येताना आपलं व्हिजिटिंग कार्ड देतात आणि वर ते गाऊनही दाखवतात. वॅग्नरवर हा थोडा अन्याय आहे, त्याच्या सुरावटी बदलत, कुजत, एकमेकींत मिसळत जातात. व्हिजिटिंग कार्ड बनवलं ते मार्गदर्शिकेने. पण टवाळी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो मोटिफ दर वेळी तसाच्या तसा येतो तो खरंच कार्डच.

शब्दांतून चालणारे मोटिफ मी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय. कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमांचा अभ्यास छापला, आणि ‘मॅकबेथ’मध्ये अंगाला न बसणाऱ्या कपड्यांची प्रतिमा पुन्हा पुन्हा येते हे दाखवलं. सुरुवातीला मॅकबेथ स्वतःच विचारतो की मला उसने कपडे का चढवता. शेवटाकडे शत्रुपक्षातला एकजण म्हणतो की राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी याच्यावर पदवी लोंबते आहे. मंचावर कुणी कपडे बदलत नाही, हे सगळं बोलण्यात आहे. त्याच नाटकात खुनानंतर लेडी मॅकबेथ हाताच्या रक्ताबद्दल नवऱ्याला म्हणते, थोडं पाणी घेतलं की झालं. पाचव्या अंकात झोपेत चालताना ती तेच हात चोळत बसलेली असते. पाण्याचा प्रश्न तिने स्वतःच निकालात काढला होता, हे तिला आठवतं की नाही कुणास ठाऊक. आपल्याला आठवतं.

लिहिणारे लोक कधी विचारतात की मोटिफ पेरायचा कसा. माझ्या अनुभवात पेरलेला मोटिफ बहुतेक वेळा पेरलेलाच दिसतो. पहिला खर्डा लिहिताना त्याचा विचारच करू नये. खर्डा संपला की वाचताना दिसतं, अरे, या बाईच्या हातात दोन ठिकाणी चष्मा आहे. आपण ठेवला नव्हता, हाताला काही काम हवं म्हणून आला होता. मग तिसरी जागा शोधायची, जिथे चष्मा असायलाच हवा होता आणि नाही. किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. बाकी सगळे हुशारीने घातलेले आरसे, पक्षी, घड्याळं निर्दयपणे काढून टाकायची. घड्याळं तर आधी.

‘ऑथेल्लो’मधला रुमाल मुद्दाम शेवटी ठेवला. थॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने १६९३ साली त्यावरून शेक्सपिअरची मनसोक्त खिल्ली उडवली: एका रुमालावरून एवढा कल्लोळ, मग या नाटकाला ‘रुमालाची शोकांतिका’ असंच नाव का दिलं नाही? बायकांनी आपली कापडं नीट सांभाळावीत एवढाच काय तो यातून मिळणारा बोध, असंही त्याने लिहिलं. पूर्वी मला हे वाचून रायमरची कीव यायची. आता वाटतं की त्याने बरोब्बर जागेवर बोट ठेवलं, फक्त तिथे काय आहे ते बघितलं नाही. रुमालाकडे त्याने ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना हिच्या बेइमानीचा पुरावा म्हणून पाहिलं, आणि पुरावा म्हणून तो खरंच फुसका आहे. डेस्डिमोनाकडून एमिलियाकडे, तिच्याकडून कपटी इयागोकडे, मग कॅसिओच्या खोलीत, मग बियांकाच्या हातात. कुठल्याही न्यायालयात हा टिकणार नाही.

पण ऑथेल्लो त्याची गोष्ट दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. तिसऱ्या अंकात तो डेस्डिमोनाला म्हणतो की हा रुमाल एका इजिप्शियन जादूगारणीने माझ्या आईला दिला. जवळ असेल तोवर नवऱ्याचं प्रेम टिकेल, हरवला तर तो तिचा तिरस्कार करेल. कुणा भविष्यवेत्तीने तो शिवला, पवित्र किड्यांच्या रेशमाचा तो आहे, वगैरे. डेस्डिमोना घाबरून म्हणते, मग मी तो पाहिलाच नसता तर बरं झालं असतं. पाचव्या अंकात, तिला मारून झाल्यावर, आपण केलं ते बरोबर होतं हे पटवताना तो म्हणतो, माझ्या वडिलांनी आईला दिलेली ती जुनी खूण होती. जादूगारीण गेली, किडे गेले.

यातलं खोटं कुठलं यावर अभ्यासक भांडत आले आहेत. मला त्यात फारसा रस नाही. तिसऱ्या अंकात त्याला बायकोला धाक घालायचा होता, म्हणून रुमालात जादू होती. पाचव्यात त्याला भल्या गृहस्थांसमोर उभं राहायचं होतं, म्हणून तो घरातली एक साधी भेटवस्तू झाला. रुमालावरची स्ट्रॉबेरीची नक्षी दोन्ही वेळा तीच. आणि या दोन्हींच्या आधी, तिसऱ्या अंकातच, एक लहानसा प्रसंग आहे जो प्रयोगात डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जातो. ऑथेल्लोचं डोकं दुखत असतं. डेस्डिमोना त्याच रुमालाने ते बांधू बघते. तुझा रुमाल फार लहान आहे म्हणत तो तिचा हात बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो, आणि तो म्हणतो राहू दे, चल, मी तुझ्याबरोबर आत येतो. दोघं निघून जातात. रुमाल हरवला तो असा. पुढे तो ‘रुमाल, रुमाल’ करत तिच्यावर ओरडतो, मूर्च्छित पडतो, तिला मारतो, स्वतःला मारतो. राहू दे असं म्हणणारा तोच होता, हे अख्ख्या नाटकात त्याला कुणीही सांगत नाही.